चुनखडकातील निराशाजनक विहिरी आणि नशिबाचा युक्तिवाद

कार्बोनेट खडकांतील तेलसाठ्यांवर खोदलेल्या विहिरींपैकी काही अपेक्षेपेक्षा फार कमी तेल देतात, काही तेलाऐवजी पाणी देतात, तर काही जोमाने सुरू होऊन थोड्याच महिन्यांत बसतात. त्याच थरातून, जवळजवळ त्याच खोलीवरून तेल काढणारी शेजारची विहीर मात्र सुरळीत चालू असते. तेल उद्योगात या विसंगतीचे एक स्पष्टीकरण पूर्वापार चालत आले आहे: चुनखडक लहरी असतो, खोदल्याशिवाय त्यातले काही कळत नाही, म्हणून संगणकावर प्रतिमाने रचत बसण्यापेक्षा पुढची विहीर खोदावी. रिगवर आयुष्य काढलेली माणसे हे मत उघड मांडतात आणि भूवैज्ञानिक उंटावरून शेळ्या हाकतात असे म्हणतात. कार्यालयांत ते उघड मांडले जात नाही, पण मनात असते. विहीर वाया गेल्याचे खापर खडकावर फोडले की चौकशी तिथेच संपते. हा युक्तिवाद सोयीचा आहे, आणि चुकीचाही आहे.

जगातील ज्ञात तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल चुनखडक आणि डोलोमाइट या कार्बोनेट खडकांत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९४८ मध्ये सापडलेले सौदी अरेबियातील घवार, इराणमधील अस्मारी चुनखडकावरची क्षेत्रे, कझाकस्तानातील तेंगिझ, उत्तर समुद्रातील एकोफिस्क आणि मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेले मुंबई हाय ही सगळी याच वर्गातली. लहरीपणाचा सिद्धांत खरा मानला, तर जगातले निम्मे तेल नशिबाच्या हवाली आहे असे म्हणावे लागेल. अनेक दशके सलग उत्पादन देणाऱ्या या क्षेत्रांचा इतिहास तसे सांगत नाही.

या मतामागे एक खरे निरीक्षण आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वाळूचे कण दूरच्या डोंगरांतून सुटून पाण्याबरोबर वाहून येतात व साचतात. त्यामुळे वालुकाश्माची जडणघडण बरीचशी प्रवाहाच्या वेगावर ठरते. चुनखडकाचा माल बहुतेक वेळा जागच्या जागी तयार होतो. उथळ, उबदार समुद्रात प्रवाळ, शैवाल, शिंपले आणि सूक्ष्म जीव यांची कवचे साचतात. भरती-ओहोटीच्या हालचालीत चुन्याचे गोल कण, म्हणजे ऊइड, वळले जातात. शांत खाजणात बारीक चुन्याचा चिखल बसतो. शिवाय ही खनिजे रासायनिकदृष्ट्या चंचल असतात. समुद्रपातळी खाली गेली की थर उघडा पडतो आणि पावसाचे पाणी कवचे विरघळवते. पुढे तेच कॅल्शियम कार्बोनेट दुसरीकडे सिमेंटासारखे बसून छिद्रे बुजवते. मॅग्नेशियमयुक्त पाण्याने चुनखडकाचा डोलोमाइट होतो. म्हणून काही मीटरांच्या अंतरात खडकाचा स्वभाव बदलू शकतो.

मात्र यांपैकी एकही क्रिया लहरीने घडत नाही. ऊइड खळबळत्या उथळ पाण्यात होतात, खोल शांत पाण्यात होत नाहीत. पावसाच्या पाण्याने होणारा विद्राव उघड्या पडलेल्या पृष्ठाखालीच आढळतो, आणि असे पृष्ठ गाभ्याच्या, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, नमुन्यांत ओळखता येते. प्रवाळभित्ती उथळ सागरी मंचाच्या काठावर वाढते, तिच्या मागे खाजण असते, पुढे उतारावर तिचाच चुरा घसरलेला असतो. विविधता प्रचंड आहे, पण ती कशाने आली आणि कुठे संभवते हे सांगता येते. ज्याला कारण आहे आणि जागा आहे, त्याचे प्रतिमान करता येते. लहरीपणाचा सिद्धांत गुंतागुंत आणि अनियमितता यांची गल्लत करतो, आणि त्याची सारी भिस्त या एका गल्लतीवर आहे.

दुसरी अडचण तर्काची आहे. विहीर निराशाजनक ठरते ती कशाच्या तुलनेत? आधी काहीतरी अपेक्षा असल्याशिवाय निराशा संभवत नाही, आणि अपेक्षा म्हणजेच प्रतिमान, मग ते कागदावर असो वा डोक्यात. ‘प्रतिमान नको, खोदा’ असे सांगणारा माणूस पुढची विहीर समुद्रात कुठेही खोदत नाही; तो ती दोन चांगल्या विहिरींच्या मध्ये खोदतो. म्हणजे एका विहिरीतला थर सरळ दुसऱ्या विहिरीपर्यंत जातो आणि वाटेत त्याचे गुण हळूहळू बदलतात, असे त्याने गृहीत धरलेले असते. हेही एक प्रतिमानच, आणि कार्बोनेटसाठी त्यातल्या त्यात सर्वांत वाईट. फरक इतकाच की ते लिहून ठेवलेले नसल्याने चुकले तरी पकडले जात नाही.

या न लिहिलेल्या प्रतिमानातली सर्वांत महागडी समजूत म्हणजे सच्छिद्रता चांगली तर विहीर चांगली. वालुकाश्मात ही समजूत बहुधा निभावते. चुनखडकात किती छिद्रे आहेत यापेक्षा ती एकमेकांना कशी जोडलेली आहेत हे महत्त्वाचे असते, कारण द्रव वाहू देण्याची क्षमता, म्हणजे पार्यता, त्यावर ठरते. ऊइडांच्या एखाद्या थरात कणांमधली मोकळी जागा सिमेंटाने भरली आणि नंतर ऊइडच विरघळून गेले, तर लॉगवर, म्हणजे विहिरीत उपकरणे उतरवून घेतलेल्या नोंदीवर, वीस-पंचवीस टक्के सच्छिद्रता दिसते. पण ती छिद्रे म्हणजे दार नसलेल्या खोल्या असतात. त्याच सच्छिद्रतेचा, पण कणांमधली जागा शाबूत असलेला खडक शेकडो पट अधिक तेल वाहू देतो. अमेरिकी भूवैज्ञानिक जेरी लुसिया यांनी १९८३ पासून मांडलेले वर्गीकरण याच भेदावर उभे आहे: कणांचा आकार व त्यांची रचना पाहून खडकाचे वर्ग करायचे आणि प्रत्येक वर्गासाठी सच्छिद्रता-पार्यतेचे वेगळे नाते मांडायचे. ज्या क्षेत्रात सर्व खडकाला एकच नाते लावलेले असते, तिथे निराशाजनक विहिरी निघाल्या तर त्यात खडकाचा दोष काढण्याचे कारण नाही.

एकोफिस्क या संदर्भात बोलके आहे. १९६९ मध्ये सापडलेल्या या क्षेत्राचा साठाखडक म्हणजे खडूचा दगड. सच्छिद्रता कित्येक ठिकाणी तीस टक्क्यांच्या वर. तरी अखंड खडूची पार्यता जेमतेम काही मिलिडार्सी (पार्यतेचे एकक) असते. विहिरी चांगल्या चालतात त्या नैसर्गिक भेगांमुळे. केवळ सच्छिद्रतेचा नकाशा हातात घेऊन तिथे विहिरी खोदल्या, तर भेगा विरळ असलेल्या भागात खोदलेली विहीर ‘अनाकलनीय’ वाटेल. भेगांची घनता खडकाच्या वाकण्याशी, विभंगांशी आणि थरांच्या जाडीशी जोडून पाहिली की ते कोडे बरेच सुटते.

पाणी देणाऱ्या विहिरींचे उदाहरण आकड्यांतच पाहण्यासारखे आहे. थरातील तेल व पाण्याचे प्रमाण विद्युत रोधकतेवरून काढण्याचे सूत्र शेल कंपनीतील गस आर्ची यांनी १९४२ मध्ये मांडले, ते मुख्यतः वालुकाश्मांच्या नमुन्यांवरून. त्यात सच्छिद्रतेला एक घातांक असतो आणि तो सवयीने २ धरला जातो. दार नसलेल्या छिद्रांच्या चुनखडकात तो ३ किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. सच्छिद्रता २० टक्के असेल, तर घातांक २ धरल्यास ती संज्ञा ०.०४ येते, ३ धरल्यास ०.००८, म्हणजे पाच पटींचा फरक. पाण्याची संपृक्तता, म्हणजे छिद्रांतील जागेतला पाण्याचा वाटा, या संज्ञेच्या व्यस्त वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने उत्तर सुमारे २.२४ पट बदलते. पहिल्या हिशेबाने ४० टक्के पाणी व ६० टक्के तेल असलेला थर दुसऱ्या हिशेबाने ८९ टक्के पाण्याचा ठरतो. अशा थरात केसिंगला, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीला, भोके पाडून विहीर सुरू केली, तिने पाणी ओकले, आणि अहवालात ‘कार्बोनेटमधील अनिश्चितता’ असे लिहिले गेले, तर त्याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. अनिश्चितता खडकात नव्हती. छिद्रांचा प्रकार न पाहता वापरलेल्या घातांकात होती. हा प्रकार ओळखायला नवे यंत्रही लागत नाही. न्यूट्रॉन व घनता लॉग सर्व छिद्रे मोजतात, ध्वनिलॉग मात्र सुटी, विलग छिद्रे बव्हंशी चुकवतो. दोन्हींतली तफावत हीच विलग छिद्रांची खूण. बहुतेक जुन्या विहिरींत हे लॉग आधीच नोंदवलेले असतात.

लवकर पाणी येण्याचा आणखी एक प्रकार सरासरीच्या मोहातून घडतो. समजा, तीस मीटर जाडीच्या थरात २९ मीटर खडकाची पार्यता ५० मिलिडार्सी आहे आणि एका मीटरची ५,००० मिलिडार्सी. सरासरी येते २१५ मिलिडार्सी, म्हणजे छानच विहीर. प्रत्यक्षात ७८ टक्के प्रवाह त्या एका मीटरातून होतो. बाजूने पाणी भरायला सुरुवात केली की ते त्याच वाटेने धावत उत्पादन विहिरीत शिरते आणि उरलेल्या २९ मीटरांतले तेल जागीच राहते. घवारमधील अरब-डी थरात अशा अतिपार्य पट्ट्यांना ‘सुपर-के’ असे नावच पडले आहे. ते पट्टे अकारण विखुरलेले नाहीत: कुठे डोलोमाइटाचे पातळ थर, कुठे स्ट्रोमॅटोपोरॉइड या प्राचीन स्पंजांच्या अवशेषांचे मोठ्या छिद्रांचे थर, आणि त्यांना भेगांची जोड. म्हणजे निक्षेपणाचा व नंतरच्या रूपांतराचा क्रम समजला की कोणत्या पातळीवर सावध राहायचे हे कळते. नेमका कोणता पट्टा कुठे संपतो हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण एका मीटराचा धोका तीस मीटरांच्या सरासरीत गाडून टाकण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

मुंबई हायचा एल-३ हा मुख्य साठा या सगळ्याचा एकत्रित नमुना आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने तिथे तेल शोधले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८० च्या दशकात ते दिवसाला चार लाख पिंपांच्या पुढे गेले. एल-३ हा मायोसीन काळातला चुनखडक. नावाने एक, पण प्रत्यक्षात शेल या चिकणमातीच्या खडकाच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांपासून तोडलेल्या अनेक उपथरांची चळत. वर वायूची टोपी, खाली पाणी, आणि क्षेत्राचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग. छिद्रे बरीचशी दुय्यम, म्हणजे खडक उघडा पडल्यावर झालेल्या विद्रावातून आलेली. अशा रचनेत एकाच विहिरीतून अनेक उपथर एकत्र उघडले, की एखादा उपथर वायू देतो, एखादा पाणी, आणि तिसऱ्यातले तेल दाबाअभावी विहिरीपर्यंत येतच नाही. पृष्ठभागावर मोजमाप होते ते तिन्हींच्या बेरजेचे, आणि विहीर ‘बिघडली’ असा शेरा पडतो. २००० नंतर राबवलेल्या पुनर्विकास योजनांत जुन्या विहिरींतून आडवे फाटे काढून विशिष्ट उपथर गाठण्यावर भर दिला गेला. आडवा फाटा कोणत्या उपथरात, वायूपासून किती खाली आणि पाण्यापासून किती वर ठेवायचा, हा निर्णय उपथरनिहाय प्रतिमानाशिवाय घेताच येत नाही. नशीबवाद्यांनी इथे आपली पद्धत कशी वापरली असती, हे कुतूहलाचेच आहे.

चिकाटीचे समर्थक नेहमी कॅनडाचा दाखला देतात. इम्पीरियल ऑइल कंपनीने पश्चिम कॅनडात १३३ कोरड्या विहिरी खोदल्या आणि नंतर १३ फेब्रुवारी १९४७ रोजी लेड्युक क्रमांक १ लागली. म्हणून खोदत राहावे. या कथेचा उत्तरार्ध सांगितला जात नाही. लेड्युकजवळच्या पुढच्या विहिरीत डेव्होनियन काळातील डोलोमाइट झालेली प्रवाळभित्ती सापडली, आणि तेल कशात दडले आहे हे एकदा कळल्यावर शोध भूकंपीय सर्वेक्षणाच्या आधारे अशाच भित्तींकडे वळला. रेडवॉटर १९४८ मध्ये, गोल्डन स्पाइक १९४९ मध्ये. आधीच्या १३३ विहिरी आणि नंतरचे हे झपाट्याने लागलेले शोध यांत चिकाटी सारखीच होती. फरक पडला तो संकल्पनेचा. साप साप म्हणून भुई धोपटण्याच्या बाजूने लेड्युकची साक्ष काढता येत नाही.

प्रतिमानांवरचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. प्रतिमान विहिरींच्याच माहितीवर बांधले जाते. मग ते विहिरींविषयी नवे काय सांगणार? शिवाय विहिरी सर्वोत्तम वाटणाऱ्या जागीच खोदलेल्या असल्याने माहिती आधीच चांगल्या खडकाकडे झुकलेली असते. हे खरे आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणजे निराशाजनक विहिरीच. चांगल्या विहिरींना अनेक प्रतिमाने सारखीच जुळतात. वाईट विहीर त्यांतली बहुतेक मोडीत काढते. थर सलग आहे असे धरणारे आणि तो मध्येच चिखलमिश्रित खडकात बदलतो असे धरणारे, अशी दोन प्रतिमाने चांगल्या विहिरींपाशी सारखीच उत्तरे देतील. त्यांच्या मधल्या कोरड्या विहिरीत गाभ्यामध्ये खाजणाचा चिखल सापडला, तर पहिले बाद होते आणि खाजण कोणत्या दिशेने पसरले असेल हा पुढचा प्रश्न उभा राहतो. म्हणून नेमकी अशाच विहिरीतून गाभा न काढणे, आणि पैसे वाचवले म्हणून समाधान मानणे, ही चुकीची काटकसर आहे.

वर्तुळाकार तर्काचा आरोप प्रतिमानांच्या विरोधकांपेक्षा त्यांच्या काही मित्रांना अधिक लागू पडतो. उत्पादनाचा इतिहास जुळवताना एखादी विहीर प्रतिमानापेक्षा कमी तेल देते असे दिसले, की प्रतिमान ज्या जाळीच्या घरांत विभागलेले असते त्यांपैकी तिच्याभोवतीच्या घरांची पार्यता एका गुणकाने कमी करायची, आलेख जुळवायचा आणि पुढे जायचे, ही सर्रास चालणारी पद्धत आहे. आलेख सुंदर दिसतो. अहवालही छापला जातो. पण तो गुणक म्हणजे विहिरीने दिलेली एकमेव साक्ष पुसून टाकणे होय. पन्नास मीटरच्या त्रिज्येत पार्यता दहापट कमी का, याचे भूवैज्ञानिक उत्तर नसेल तर पुढची विहीर त्रेपन्नाव्या मीटरवर खोदायला प्रतिमानाची हरकत असणार नाही. असे प्रतिमान पुढे चुकले की नशीबवादी विजयी मुद्रेने त्याकडे बोट दाखवतात. बोट योग्य जागी असते, निष्कर्ष चुकीचा असतो: तिथे भूविज्ञान हरलेले नसते, ते वापरलेलेच नसते.

जाळी आणखी बारीक केली की उत्तर आणखी खरे येते, हाही असाच भ्रम. दोन विहिरींमधली जागा भरण्यासाठी वापरली जाणारी भूसांख्यिकी डॅनी क्रिग यांच्या दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींवरील कामातून आली आणि जॉर्ज मातरों यांनी तिला गणिती रूप दिले. खाणीत नमुने दाट असतात. समुद्रातल्या तेलक्षेत्रात विहिरी शेकडो मीटर किंवा किलोमीटरभर अंतरावर. प्रवाळाचा एक ढिगारा त्यांच्या मध्ये पूर्ण मावून जाईल. अशा ठिकाणी गणित जे रंगवते ते त्याला दिलेल्या गृहीतकांचेच चित्र असते, मग घरे लाख असोत की कोटी. गाभ्याचा नेहमीचा नमुना दीड इंच व्यासाचा. मोठ्या पोकळ्यांच्या खडकात तो पोकळ्यांमधला घट्ट भागच उचलतो. त्या आकड्यावरून भरलेली कोटी घरे कोटी वेळा तीच चूक करतात. आधी थरांचा क्रम आणि निक्षेपणाचे चित्र, मग खडकाचे वर्ग, त्यानंतर सच्छिद्रता आणि शेवटी पार्यता, हा क्रम उलटा केला तर कोणतेही सॉफ्टवेअर तो सरळ करत नाही.

विहिरींवर काम करणाऱ्या अभियंत्यांचा एक मुद्दा मात्र पूर्णपणे मान्य करावा लागतो. प्रत्येक निराशाजनक विहीर भूविज्ञानाची नसते. खोदताना चिखलद्रव भेगांत शिरून वाटा बुजतात, सिमेंटाचा बंध कच्चा राहून पाणी केसिंगमागून वर चढते, आम्ल-उपचारातले हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच मोकळ्या असलेल्या पट्ट्यातच निघून जाते आणि घट्ट थर तसाच राहतो. म्हणून प्रतिमानाला हात लावण्यापूर्वी दाबवृद्धी चाचणी घेऊन विहिरीलगतची इजा आणि खऱ्या थराची पार्यता वेगळी करणे आवश्यक ठरते. चाचणीत दूरची पार्यता चांगली निघाली तर काम विहिरीवर करायचे. दाब थोड्याच वेळात भिंतीला अडल्यासारखा वागला तर साठा तुकड्यांत विभागलेला आहे असा संशय घ्यायचा आणि ती भिंत विभंग आहे की शेल की सिमेंटाने बुजलेला पट्टा, हे प्रतिमानात तपासायचे. हा निवाडा न करता खडकाला दोष देणे जितके उथळ, तितकेच प्रतिमानात विभंग काढून विहिरीची इजा लपवणेही.

उरतो वेळेचा आणि खर्चाचा आक्षेप. रिग भाड्याने उभी असताना सहा महिने प्रतिमान रचता येत नाही, हे खरे. पण त्याचा अर्थ इतकाच की ते रिग येण्यापूर्वी तयार हवे, आणि एकाऐवजी परस्परविरोधी दोन-तीन हवीत, म्हणजे नवी विहीर लागो वा न लागो, त्यांपैकी एक तरी त्याच आठवड्यात बाद करता येते. भेगांचे तपशील भूकंपीय सर्वेक्षणाच्या नजरेखालचे असतात. तिथे प्रतिमान संभाव्यतेपलीकडे काही देत नाही आणि देते असा आव त्याने आणू नये. लहान क्षेत्रात, जिथे दोन-तीनच विहिरी आहेत आणि गाभा एकाही विहिरीतून काढलेला नाही, तिथे त्रिमितीय प्रतिमान ही उधळपट्टीच ठरते. तिथे हाताने काढलेला एक छेद, जुन्या लॉगांचे वर सांगितल्याप्रमाणे पुनर्वाचन आणि पुढच्या विहिरीत साठाखडकाचा सलग गाभा घेण्याची तरतूद एवढ्यावर काम भागते.